मुंगीचा पलंग

मिस्त्रींनी आयुष्यात कुणाला तोंडानं हो म्हटलं नव्हतं. गिऱ्हाईक दुकानात येऊन कपाट हवंय म्हणालं की ते कानावरची पेन्सिल काढत आणि एवढंच विचारत, "कुठं ठेवायचंय?" माप घेतलं म्हणजे काम घेतलं. घरातही तोच कायदा. थोरल्याचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीबद्दल त्यांनी बरं-वाईट अवाक्षर काढलं नाही. फक्त माडीवरच्या खोलीत जाऊन दोघांचं कपाट कुठल्या भिंतीला बसेल ते मोजून आले, आणि खाली सगळ्यांना कळलं की लग्न पक्कं झालं.

म्हणून गुरुवारी सकाळी धाकटी सून व्हॅनचं सरकतं दार उघडून म्हणाली, "बाबा, मुंगीला झोपायला इथं काहीतरी करून द्याल?" आणि मिस्त्री पट्टी घेऊन आत चढले, तेव्हा त्यांची बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. दुपारच्या चहापर्यंत तिनं त्यांच्याशी बोलणं बंद केलं होतं.

अबोला त्यांच्या घरात नवा नव्हता. पण एरवी तो दोघांपुरता असायचा. या खेपेला त्याच्या एका बाजूला अख्खं घर उभं होतं आणि दुसऱ्या बाजूला पट्टी घेतलेला एक म्हातारा.

व्हॅन धाकट्याची. तो आणि धाकटी शिलाई मशिनं दुरुस्त करत गावोगाव फिरायचे. जिथं दोन-चार शिंपी किंवा एखादा लहानसा कारखाना असेल तिथं चार दिवस मुक्काम, मग पुढं. आत मागच्या बाजूला आडवी झोपायची फळी, डाव्या अंगाला काम करायचं टेबल, ड्रायव्हरच्या पाठीशी सामानाची पेटी. दहा महिन्यांपूर्वी चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि धाकटा गेला. मुंगी तेव्हा आईच्या पोटात सहा महिन्यांची होती. थोरल्यानं व्हॅन चालवत घरी आणली आणि अंगणात कुंपणाच्या भिंतीशी लावली, सरकतं दार भिंतीकडे, मध्ये माणसं उभी राहतील एवढी जागा सोडून. ती तिथून हलली नाही. बॅटरी उतरू नये म्हणून तो आठवड्यातून एकदा इंजिन सुरू करून ठेवायचा, आणि तेवढा वेळ मिस्त्री घरात आतल्या खोलीत जाऊन बसायचे.

मुंगी जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून मुंगी. बाळंतपणानंतर दीड महिना धाकटी भिंतीकडे तोंड करून पडून होती. पोरीला दूध पाजायला तिच्याजवळ न्यायचं आणि पाजून झालं की परत आणायचं. नेणारी-आणणारी मोठी सून. पंधरा वर्षांच्या संसारात मोठीची कूस उजवली नव्हती आणि त्याबद्दल आता घरात कुणी बोलतही नव्हतं. दीड महिन्यानं धाकटी उठली, हळूहळू माणसांत आली. तोवर मुंगीला झोप यायची ती मोठीच्या खांद्यावर.

आणि या बुधवारी धाकटीनं सांगून टाकलं होतं. गिऱ्हाइकांचे फोन येताहेत, सोमवारी निघते, मुंगीला घेऊन.

त्यावर बराच वेळ बोलाचाली झाली. पोर इथं ठेवून जा, महिन्यानं येऊन बघून जा, मोठी आहे ना, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. धाकटी प्रत्येकाला शांतपणे नाही म्हणत गेली. शेवटी सासूनं विचारलं, "त्या गाडीत तिला झोपवणार कुठं? तुझ्या शेजारी त्या दोन फुटी फळकुटावर? तू कुशीवर वळलीस म्हणजे?" याला मात्र धाकटीकडे उत्तर नव्हतं. ती मान खाली घालून उठून गेली. घराला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उत्तर मागायला सासऱ्याकडे आली होती.

*

शुक्रवारी थोरला दुकानामागच्या खोलीत आला. दुकान आता तोच चालवत होता. तयार फळ्या आणून लोकांना स्वयंपाकघरातली कपाटं बसवून द्यायचा. मागची खोली तेवढी त्यानं वडिलांच्या रंध्या-पटाशांसाठी राहू दिली होती.

मिस्त्री पलंगाच्या कठड्याचे गज गुळगुळीत करत होते. पांढरं, हलकं लाकूड. दोन गजांमध्ये दोन बोटांपेक्षा जास्त फट ठेवायची नाही, पोराचं डोकं अडकता कामा नये. कोपरे गोल. पॉलिश नाही, कारण दात येताना पोरं समोर दिसेल ते चावतात.

"करू नका असं मी म्हणत नाही, बाबा."

"मग?"

"सावकाश करा. लाकूड ओलं आहे, हात थरथरतो, कारणं काय छप्पन्न सापडतील. आठ-पंधरा दिवस गेले की तिचंही डोकं थंड होईल."

"लाकूड वाळलेलं आहे."

"ते मलाही दिसतंय."

मिस्त्रींनी गज उजेडाकडे धरला, एक डोळा मिटून पाहिलं, खाली ठेवला आणि दुसरा उचलला. थोरला दाराला टेकून उभा राहिला. त्याचे केस कानांपाशी पांढरे झाले होते. बापाला ते त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

"आमच्या खोलीत आता रात्री हसू ऐकू येतं," थोरला म्हणाला. "ती पोरीला खेळवते आणि हसते. पंधरा वर्षांत मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. तुम्ही ते गाडीत घालून पाठवायला निघालात."

मिस्त्रींनी गजाच्या टोकावरून अंगठा फिरवून पाहिला. मग ते म्हणाले, "पलंग असला काय, नसला काय, ती जाणार. मग असलेला बरा."

"नसला तर नाही जाणार. तेच तर सांगतोय."

थोरला गेल्यावर मिस्त्रींनी रंधा हातात घेतला आणि तसाच धरून बसले. याच खोलीत धाकटा बारा-तेरा वर्षांचा असताना त्यांनी त्याच्या हातात करवत दिली होती. पोरगं मन लावून कापायचं आणि काप तिरका जायचा. एकदा दोन गिऱ्हाइकांसमोर ते म्हणाले होते, "याच्या हातात करवत म्हणजे माकडाच्या हाती कोलीत." गिऱ्हाइकं हसली, पोरगंही हसलं. दुसऱ्या दिवसापासून ते शेजारच्या शिंप्याकडे मशीन बघायला जाऊन बसू लागलं. सुतारकामाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. मिस्त्रींनीही काढलं नाही.

*

शनिवारी पलंग व्हॅनमध्ये बसवायचा होता. जागा ड्रायव्हरच्या मागं, सामानाच्या पेटीवर, गाडीच्या रुंदीत आडवा. उशी उजवीकडे, गाडीच्या भिंतीशी. पाय दाराकडे. गाडी चालताना मुंगी पुढच्या आसनात पट्ट्यांनी बांधलेली असणार. पलंग मुक्कामाला, रात्रीच्या झोपेला.

मिस्त्रींनी धाकटीला आत येऊ दिलं नाही. "झाल्यावर बघ," एवढंच म्हणाले. पेटीमागचा पसारा आवरताना त्यांना लाकडाचे दोन ओबडधोबड तुकडे सापडले, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला निमुळते होत गेलेले, टायरच्या रबरानं काळे पडलेले. काप तिरका होता. कुणाच्या हातचा ते विचारायची गरज नव्हती. चाकाला अटकाव म्हणून लावत असतील, असं मनाशी म्हणून त्यांनी एक पलंगाखाली टेकू म्हणून सरकवला आणि एक दाराच्या पायरीवर ठेवला.

मग खिशातून पाणसळ काढली. वीतभर लाकडी पट्टी, मध्ये काचेची नळी, नळीत पाणी आणि एक बुडबुडा. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध आला म्हणजे काम सरळ. पन्नास वर्षांत या बुडबुड्यानं त्यांना फसवलं नव्हतं. माणसांबद्दल त्यांना असं म्हणता आलं नसतं, स्वतःबद्दल तर नाहीच.

थोरला मदतीला आला. राग होता, पण बापानं एकट्यानं ओझं उचललेलं त्याला बघवत नसे. तो ओणवा होऊन उशीकडची बाजू धरून होता.

"आणखी खाली घे," मिस्त्री म्हणाले. "आणखी. हं, थांब."

बुडबुडा मधोमध आला. पट्टी लावून पाहिलं तर पलंगाचे दाराकडचे पाय उशीकडच्यांपेक्षा दोन बोटं उंच ठेवावे लागत होते.

"दोन बोटांचा फरक येतोय, बाबा."

"गाडीचा तळच वाकडा आहे. देत असतील ढाळ, धुतल्यावर पाणी निघून जायला."

थोरल्यानं तोंड उघडलं. मग उघड्या दारातून बाहेर खाली जमिनीकडे बघत राहिला.

"देत असतील," तो म्हणाला.

तेवढ्यात मोठी आली. तिच्या हातात शिवायची टेप होती. गादीचं माप हवं होतं.

"गादी तू शिवणार?" नवऱ्यानं विचारलं.

"मग कोण शिवणार?"

तिनं लांबी घेतली, रुंदी घेतली, कठड्यावरून एकदा तळवा फिरवला आणि निघाली. पायरीवरून उतरताना क्षणभर थांबून तिनं पायाखाली पाहिलं, मग पलंगाकडे पाहिलं.

*

रविवारी सकाळी आक्का आली. मिस्त्रींची मोठी बहीण. आई लवकर गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं होतं. ऐंशीला टेकलेली, पण जीभ अजून विळ्यासारखी. घरातला कुठलाही तंटा शेवटी तिच्यापाशी जाई आणि ती म्हणेल ते होई. मिस्त्रींच्या बायकोनं शुक्रवारीच निरोप धाडला होता.

अंगणातल्या बाकावर आक्का बसली. सगळे भोवती उभे राहिले.

"आक्का, तुम्हीच सांगा हिला," मिस्त्रींची बायको म्हणाली. "आमचं कोण ऐकतं या घरात. ज्यांनी दोन शब्द बोलायचे ते पट्टी घेऊन फिरताहेत."

"मी काय सांगू? माझ्या पोटच्या लेकी माझं ऐकत नाहीत, ही तर तुझी सून." आक्कानं धाकटीकडे पाहिलं. "ये गं इकडे. का न्यायचंय पोरीला? नीट सांग, रडू नको."

"रडत नाही, आक्का." धाकटीचे हात काळे होते, सकाळपासून ती इंजिनात होती. "मी पडून होते तेव्हा ताईनं सगळं केलं. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण झोप आली की मुंगी ताईकडे हात करते. मी घ्यायला गेले तर मान फिरवते. आता महिनाभर ठेवून गेले तर परत येईन तेव्हा मी तिला पाहुणी असेन."

"मग जाऊच नको. इथं मशिनं नाहीत?" सासू म्हणाली.

"इथं दुरुस्तीची दोन दुकानं आहेत, आई. आमची गिऱ्हाइकं बाहेर आहेत. दुसरं काही मला येत नाही."

"मोठी सांभाळेल पोरीला. सांग गं तू. सांभाळशील ना?"

मोठी खांबापाशी उभी होती, काखेत गुंडाळलेली नवी गादी. "सांभाळेन," ती हळू म्हणाली.

"बघ."

"ताई सांभाळेल हे मला माहीत आहे," धाकटी म्हणाली. "त्याचीच भीती वाटते."

मोठीनं गादी या काखेतून त्या काखेत घेतली.

आक्कानं काठी टेकली आणि उठली. "पोर हिचं आहे. उद्या कुणी माझ्याकडे येऊन म्हणालं की आईपासून लेकरू तोड, तर मी कशी तोडू? पण पोर म्हणजे गाठोडंही नव्हे, कुठंही टाकायला. चला, पलंग दाखवा. मिस्त्रीच्या कामात खोट निघाली तर पोर इथं राहील आणि कुणी पुन्हा तोंड उघडायचं नाही. नाही निघाली तर मायलेकी जातील आणि तेव्हाही कुणी तोंड उघडायचं नाही. कबूल?"

धाकटीनं मान हलवली. सासूनं हलवली. थोरल्यानं जरा उशिरा हलवली. मिस्त्रींना कुणी विचारलं नाही.

आक्काला दोघांनी धरून व्हॅनमध्ये चढवलं. "यातच शेगडी, यातच झोप, यातच धंदा," ती इकडे तिकडे बघत म्हणाली. "माझं न्हाणीघर याहून मोठं आहे." मग ती पलंगाकडे वळली आणि थट्टा थांबली. अंगावरची लोकरीची शाल काढून तिनं कठड्यावरून, गजांवरून, खालच्या फळ्यांवरून सावकाश फिरवली. लोकरीचा एक धागाही कुठं अडकला नाही. सासूनं दोन गजांमध्ये बोटं घालून पाहिली. दोनच बोटं गेली. थोरल्यानं कडेवर सगळं वजन टाकून हलवून पाहिलं. पलंग हूं की चूं करेना.

धाकटीनं मुंगीला आत ठेवलं. पोरीनं आधी वर पाहिलं, मग बाजूला, मग एक गज मुठीत धरला आणि चाटून बघितला. आपल्याच भाषेत काहीतरी म्हणाली आणि हसली.

"झालं," आक्का म्हणाली. "पोरीनं निकाल दिला."

सासू तोंड फिरवून खाली उतरली. मिस्त्री पायरीशी उभे होते. काम साधलं की छातीत एक ऊब येते ती आली होती, आणि बायकोची पाठ दिसल्यावर ती तिथंच विरून गेली.

"बाबा," मोठी म्हणाली. "पलंग सरळ नाही."

सगळे वळले. ती अजून अंगणातच होती, गादी छातीशी धरून.

"सरळ नाही?" मिस्त्रींना आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. त्यांनी पाणसळ काढून कठड्यावर ठेवली. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध येऊन थांबला. "हे बघ."

"इथं सरळ आहे." मोठीनं गादी बाकावर ठेवली. "अंगण मी धुते, बाबा. पंधरा वर्षं. बादली कुठंही ओता, पाणी या भिंतीकडे येतं, गटाराकडे. ढाळ अंगणाला आहे, गाडीला नाही. इथं जे सरळ आहे ते बाहेर सरळ नसणार."

मिस्त्रींनी अंगणाकडे पाहिलं. मग बाकाकडे. तो बाक त्यांनीच केला होता, बत्तीस वर्षांपूर्वी, घर बांधलं तेव्हा. अंगणात पाणी साचू नये म्हणून गवंड्याला ढाळ द्यायला त्यांनीच सांगितलं होतं, आणि मग बाकावर बसणारा कलू नये म्हणून बाकाचे गटाराकडचे पाय त्यांनीच उंच ठेवले होते. एवढी वर्षं सगळं घर त्या बाकावर सरळ बसत आलं होतं. ढाळ आहे हे ते विसरून गेले होते. तो रोज दिसायचा फक्त हातात बादली असलेल्या बाईला.

धाकटी खाली उतरली होती. पायरीवरचा लाकडाचा तुकडा तिनं उचलला. "ही पाचर इथं कशी? आणि दुसरी?"

"पलंगाखाली. टेकूला घेतली होती," मिस्त्री म्हणाले. "चाकाच्या अटकावाची ना?"

"नाही, बाबा. मुक्कामाला पोचलो की ते आधी टेबलावर दोऱ्याचं रीळ ठेवायचे. रीळ ज्या बाजूला घरंगळेल त्या बाजूच्या चाकांखाली या पाचरी. रीळ थांबेपर्यंत गाडी पुढं-मागं. टेबल कललेलं असलं तर मशीनची सुई नीट लागत नाही. इतके महिने इथं कामच केलं नाही, म्हणून रीळही ठेवलं नाही." ती जराशी हसली. "ओबडधोबड आहेत म्हणून तुम्हाला कधी दाखवल्या नाहीत त्यांनी."

मोठीनं मुंगीला घेतलं. धाकटी गाडीत बसली, थोरल्यानं दाराच्या बाजूच्या, भिंतीकडच्या दोन्ही चाकांपुढं पाचरी लावल्या. दहा महिने एका जागी उभी असलेली व्हॅन कुरकुरली, हातभर पुढं सरकली आणि एका अंगानं चार बोटं वर चढली. धाकटीनं टेबलावर रीळ आडवं ठेवलं. ते दाराकडे निघालं. तिनं गाडी आणखी जराशी वर घेतली आणि पुन्हा ठेवलं. रीळ जागच्या जागी राहिलं.

मग तिनं ते उचलून पलंगात ठेवलं. रीळ आधी सावकाश, मग भरभर उशीच्या बाजूला गेलं आणि शेवटच्या फळीवर टक्कन आपटलं.

"डोकं खाली," सासू म्हणाली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. "रात्रभर डोकं खाली. घसरून नाक फळीला लागलं असतं."

मिस्त्री थोरल्याकडे बघत होते. थोरला रीळ बघत होता.

"तुला कधी कळलं?"

"काल. पाय मोजताना."

"आणि?"

"मला वाटलं, पहिल्याच मुक्कामाला हिच्या लक्षात येईल. घाबरेल, परत येईल." तो पायरीवर बसला. "लक्षात नाही आलं तर काय, एवढा विचार केला नाही. खरंच नाही केला, बाबा."

धाकटी त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिनं पलंगातलं रीळ उचलून मुठीत धरलं. मोठी नवऱ्याकडे न बघता मुंगीची पाठ थोपटत होती, पोर जागं असूनही.

आक्का व्हॅनमधल्या फळीवर बसूनच होती. "खोट निघाली," ती म्हणाली. "म्हणजे माझ्या शब्दाप्रमाणे पोर इथं राहायला हवं." तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि मोठीवर नजर थांबवली. "पण जिला पोर मिळणार होतं तिनंच खोट दाखवली. आता या शब्दाचं मी काय करू?"

उत्तर मिस्त्रींच्या बायकोनं दिलं. तीन दिवसांत ती पहिल्यांदा नवऱ्याशी बोलली.

"अहो, नीट करायला किती वेळ लागेल?"

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली.

*

दुपारभर काम चाललं. मिस्त्रींनी पाणसळ बाकावर ठेवून दिली. व्हॅनमध्ये चढून ते धाकटीला म्हणाले, "कुठून मोजू?" आयुष्यात त्यांनी हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता. तिनं सांगितलं, गाडीच्या तळावरून, बाबा, बाहेरचं काही धरायचं नाही. त्यांनी तसं मोजलं. थोरल्यानं न सांगता करवत आणली आणि दाराकडचे दोन्ही पाय दोन-दोन बोटं कापले. बापलेक एकमेकांशी बोलले ते फक्त "धर" आणि "सोड". शेवटी रीळ पलंगात ठेवलं. ते राहिलं. मिस्त्रींनी ते तिसऱ्यांदा, चौथ्यांदा ठेवून पाहिलं. तेव्हा थोरला म्हणाला, "आता राहू द्या, बाबा," आणि त्यानं त्यांना हात धरून खाली उतरवलं.

संध्याकाळपर्यंत मुंगी मोठीकडेच होती. धाकटीनं तिला मागितलं नाही. दिवेलागणीला मोठी स्वतः आली, पलंगात नवी गादी घातली, कोपरे दाबून बसवले, पोरीला आत ठेवलं आणि कठड्यावर हात ठेवून उभी राहिली. मुंगीनं हात वर केले, तिच्याकडेच. तिनं घेतलं नाही. धाकटीला म्हणाली, "कपाळावरून भुवईकडे बोट फिरवायचं. असं. दहा-बारा वेळा. मग झोपते." आणि बाजूला झाली.

धाकटी वाकली. तिचं बोट आधी चुकलं. मुंगी कुरकुरली, रडली, पुन्हा कुरकुरली. मोठी दोन्ही हात पाठीमागं धरून उभी होती. बऱ्याच वेळानं रडणं थांबलं.

मिस्त्री मागच्या खोलीत गेले. पलंगाच्या उरलेल्या लाकडाला दुसऱ्या तुकड्याचा जोड देऊन त्यांनी दोन नव्या पाचरी केल्या. माप जुन्यांचंच, काप सरळ. जुन्या पाचरी आपल्याकडे राहाव्यात असं त्यांना वाटत होतं. पण नवऱ्याच्या हातची वस्तू तिच्याकडून मागायची कशी, ते त्यांना कळेना. मनात चार वाक्यं जुळवली, चारही वाईट निघाली.

सोमवारी सकाळी त्यांनी नव्या पाचरी मुकाट्यानं व्हॅनमध्ये पेटीमागं ठेवल्या. आक्का रात्रीच गेली होती. सासूनं पुढच्या आसनातले पट्टे दोनदा ओढून पाहिले. थोरला व्हॅनच्या पुढं उभा होता. "टायरमध्ये हवा भरून घे आधी," तो म्हणाला. धाकटी म्हणाली, "घेते, दादा." त्याहून जास्त दोघांनाही जमलं नाही, पण तेवढं जमलं.

मोठी माडीच्या खिडकीत होती. खाली आली नाही.

गाडी सुरू झाली. या खेपेला मिस्त्री घरात गेले नाहीत. व्हॅन पाचरींवरून एका अंगानं खाली उतरली आणि फाटकापाशी थांबली. मागं भिंतीशी दोन काळे, तिरके तुकडे पडलेले होते. मिस्त्री लगबगीनं गेले, दोन्ही उचलले आणि खिडकीपाशी घेऊन आले.

"या राहिल्या," ते म्हणाले.

धाकटीनं पाचरींकडे पाहिलं, मग त्यांच्या हातांकडे. "राहू देत, बाबा. तुमच्या नव्या आहेत ना माझ्याकडे. या तिथंच ठेवा भिंतीशी. अंगणाला ढाळ आहे. आम्ही आलो की लागतील." मग तिनं मान वाकवून वर माडीकडे पाहिलं आणि जरा मोठ्यानं म्हणाली, "महिनाअखेरीला."

व्हॅन वळून दिसेनाशी झाली. मिस्त्रींनी पाचरी होत्या तिथं नेऊन ठेवल्या, दोन चाकांच्या अंतरावर. पावलांनी अंतर मोजून पाहिलं, एक जराशी सरकवली, आणि बाकावर येऊन बसले.

थोड्या वेळानं मोठी खाली आली. डोळे धुतलेले होते. तिनं बादली भरली, झाडू घेतला आणि रोजच्यासारखं घराच्या पायरीपासून अंगण धुवायला सुरुवात केली. पाणी भिंतीकडे निघालं. दहा महिने गाडीखाली झाकलेल्या जागेवरची धूळ घेत पुढं गेलं, पाचरींपाशी दुभंगलं आणि त्यांच्या दोन्ही अंगांनी गटाराकडे गेलं. मोठी झाडू घेऊन तिथवर आली. पाचरी तिनं उचलल्या नाहीत. त्यांच्या कडेकडेनं झाडू फिरवला आणि दुसरी बादली भरायला नळाकडे वळली.